पिस्तूल रिकामंच होतं

३ तारीख, सोमवार
बावीस वर्षं गोदामाच्या गेटवर उभा आहे. आता आत तिजोरीपाशी पिस्तूलवाला गार्ड हवाय. तिथे खुर्ची आहे! पिस्तुलाची परीक्षा पास झालो की खुर्ची माझी. उमेदवार दोनच, मी आणि कंपनीचा ड्रायव्हर. त्याची काय लायकी? विषय संपला.

५ तारीख, बुधवार
डोकं फिरलंय नुसतं. दोन तास क्लास, पिस्तुलाला हात नाही. शिकवणाऱ्या बाई माझ्या धाकट्या बहिणीहून लहान, आणि पाढ्यांसारखं घोकून घेतात. नळी कायम समोर. ट्रिगरवर बोट नाही. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजा. विचारलं, अहो, रिकामं असेल तर भरलेलं कशाला समजू? म्हणाल्या, पुन्हा म्हणा. अकरा वेळा म्हणालो!

१० तारीख, सोमवार
पिस्तूल मिळालं. रिकामं. ट्रिगरवर बोट गेलं म्हणून बाईंनी बोटावर पेन्सिल मारली. पन्नाशीच्या माणसाच्या! घरी सांगितलं तर मुलगी फिदीफिदी हसली. तिला ठणकावलं, परीक्षेला ये, बाप काय चीज आहे ते बघ.
संकल्प : आजपासून चिडायचं नाही. (पेनाचं टोक मोडलं. हलकी पेनं बनवतात मेले.)

१२ तारीख, बुधवार
पहिल्या पाच गोळ्या. माझा कागद कोरा. शेजारी ड्रायव्हरच्या कागदावर सात भोकं, झाडल्या त्याने पाच. म्हणजे माझ्या दोन तरी लागल्या. बाई म्हणतात, गोळी सुटायच्या आधीच तुम्ही डोळे मिटता. बायको म्हणते, भांडतानाही मिटता. हिला कुणी विचारलं होतं?

१७ तारीख, सोमवार
पाचातल्या चार नेमावर! बाई म्हणाल्या, हात बरा आहे, डोकं सांभाळा. जळतात माझ्यावर. उद्या परीक्षा.

१८ तारीख, मंगळवार
चार गोळ्या कागदाच्या मधोमध. चारच्या चार! तेवढ्यात ड्रायव्हरचा कागद गळून पडला आणि बाई 'थांबा' म्हणून ओरडल्या. अरे, माझी पाचवी कोण मारणार? टाळकंच सटकलं. गोळ्यांचं मॅगझिन पिस्तुलातून काढून टेबलावर आपटलं आणि जाब विचारायला गर्रकन वळलो. पिस्तूल हातातच राहिलं. मागे बाकावर मुलगी. बाकीचे सगळे खाली वाकले. ती वाकली नाही, बघत राहिली.
बाईंनी मनगट धरून पिस्तूल काढून घेतलं. नापास. मी ओरडलो, मॅगझिन बाहेर आहे, पिस्तूल रिकामं आहे, नाटकं कसली करता! बाईंनी पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला. पाचवी गोळी नळीतच होती, ती टपकन फरशीवर पडली.

२० तारीख, गुरुवार
गेटवर ड्यूटी. खुर्ची ड्रायव्हरला. बसू दे, पोट सुटेल त्याचं. चूक बाईंचीच. पाचवी मारू दिली असती तर नळी रिकामी नसती का झाली? कडक तक्रार लिहिणार आहे.
मुलगी दोन दिवस जेवायला माझ्या समोर बसत नाही, बाजूला बसते. समोर पंख्याचा वारा लागत असेल. मी उठून पंखा बंद केला. तरी बाजूलाच बसली.