सव्वाचार फुटांचा दावा

बिस्मिल्ला करून लिहितो.

मी, दस्तगीर बाबालाल मुलाणी, वय वर्षे त्र्याहत्तर, मोजणीखात्यातला निवृत्त साखळीवाला, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. "अब्बा, वकिलाकडून लिहून घ्या" असे मुलगा मुनीर तीनदा म्हणाला, त्याला मी दबाव समजत नाही.

१. माझी मिळकत म्हणजे दोन एकर दहा गुंठे बागायत, चार खोल्यांचे पत्र्याचे घर आणि पोस्टात थोडीफार शिल्लक. पत्नी हमीदा माझ्याआधी अल्लाहकडे गेली. मागे मुनीर, वरकुट्याला दिलेली शहनाज आणि बारामतीला दिलेली रिजवाना. वाटणी शरीयतप्रमाणे व्हावी: मुनीरला निम्मे, दोघी मुलींना पाव-पाव. यात माझी मर्जी चालत नाही, मुनीरचीही चालणार नाही. आपल्याकडे बहिणींना सणाला बोलावून, साडी नेसवून हक्कसोडीवर सही घ्यायची रीत पडली आहे. माझ्या घरात साडी जरूर द्यावी. सही मागू नये.

२. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत माणसाला मनासारखे देता येते. त्यातून कबरस्तानाच्या फाटकाशी पाण्याची टाकी व नळ बसवावा. नळ रस्त्याच्या बाजूला असावा, म्हणजे ऊसतोडीला आलेल्या बायामाणसांनाही घागर भरता येईल. मेल्यावर माणसाची सगळी कामे थांबतात. कोणी पाणी प्याले तर तेवढे पोचत राहते.

३. कबर कच्ची ठेवावी. फरशी नको, नाव नको. साडेसहा फूट बाय अडीच फूट जागा पुरे. तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या आहेत, जास्त घेतली तर मला कळेल असे समजून चालावे. चाळिसाव्याला मांडव घालून जेवणावळी उठवू नयेत. माझ्या थोरल्या साडूला मटणात मीठ कमी म्हणायची संधी मिळते, बाकी काही साधत नाही.

४. माझ्या शेताला लागून मोहनराव वाघमोड्यांचे शेत आहे. मोहनरावांनी एका उन्हाळ्यात पाटाच्या पाळीला माझे बारे फोडून पाणी आपल्या उसाकडे वळवले. माझा मका वाळला. ते वारले तरी मी ती गोष्ट धरून ठेवली होती. आज सोडतो. मेलेल्या माणसाला आता माफीचीच गरज असणार.

५. हे कलम मी दोनदा लिहिले. पहिल्यांदा लिहिले ते असे:

"मोहनराव गेल्यानंतर सतरा वर्षे मी दर नांगरटीला आमच्या सामाईक बांधात तीन-तीन इंच फाळ घातला. बांध अलीकडून कोरायचा आणि माती पलीकडे ओढायची. रुंदी तशीच दिसते, बांध मात्र चालत जातो. मोजणीतल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. एकूण सव्वाचार फूट रुंद, तीनशे दहा फूट लांब, सुमारे सव्वा गुंठा जमीन मोहनरावांच्या पत्नी ठमाबाई यांची आहे. ती माझ्या मृत्यूनंतर मुनीरने त्यांना परत करावी."

याचे कारण इंदापूरच्या मशिदीत जुम्म्याला ऐकलेले बयान. ज्याने दुसऱ्याची वीतभर जमीन नाहक घेतली, त्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी सात जमिनी पडतील. मी वीत सोडून बराच पुढे गेलो होतो. नमाजानंतर मौलानांना विचारले, जमीन हिंदू बाईची असली तर? ते म्हणाले, "तिथं दावेदाराची जात विचारत नाहीत, चाचा. तुमच्या नमाजाची कसूर अल्लाह चाहे तर माफ करील. माणसाचा हक्क त्या माणसानंच सोडावा लागतो." मला भीती वाटली आणि अजून वाटते, हे सरळ लिहितो. घर, ऊस, नोकरी यातले काही त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणार नाही. एक बाई मात्र माझ्याविरुद्ध बोलेल.

म्हणून वरचे कलम घेऊन मी ठमाबाईंच्या ओट्यावर गेलो आणि वाचून दाखवले. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "डोळं हायेत मला."

"मग बोलला का नाही, वहिनी?"

"बाईमाणूस बांधावर भांडाय लागलं की गाव बांध बघत न्हाय, बाईला बघतं." मग म्हणाल्या, "आन् भावजी, मेल्यावर देणार मंजी मुनीर देणार. तुमी काय दिलं मग?"

सबब वरचे कलम रद्द केले आहे.

दुसऱ्या दिवशी जुन्या हद्दीच्या दगडावरून मी स्वतः दोरी धरली. मुनीर आणि दोन गडी लावून सहा दिवसांत बांध होता तिथे नेला. त्या पट्टीतला माझा उभा ऊस ठमाबाईंकडे गेला. मुनीर कुरकुरला, पण फावडे त्यानेच जास्त चालवले, हे येथे नमूद करतो.

सातव्या दिवशी ठमाबाई बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी म्हणालो, "वहिनी, आता हक्क सोडला म्हणा."

त्या म्हणाल्या, "जमीन आली. लिंबाचं काय?"

मी इंच मोजले होते, लिंब मोजला नव्हता. बांधावर त्यांचा जुना कडुलिंब होता. माझ्या फाळाने त्याची मुळे तुटत गेली आणि आठव्या-नवव्या वर्षी तो वाळला.

"त्येच्याखाली आमी दोघं भाकर खायचो. ते गेल्यावर मी एकली खायची. सगळ्या रानात माझी बसायची तेवढी एकच जागा व्हती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते.

मी त्याच जागी लिंबाचे रोप लावले आणि पुन्हा विचारले.

"सावलीत बसून भाकर खाईन, तवा सोडीन. तवर मरायचं न्हाय."

लिंबाला तेवढी सावली धरायला पाच-सहा वर्षे लागतात. ठमाबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मी म्हणालो, मरणे माझ्या हातात नाही. त्या म्हणाल्या, "पानी घालणं तर हाय?"

६. तेव्हा रोज सकाळी मी दोन बादल्या घालतो. मी आधी गेलो तर ठमाबाई सावलीत बसेपर्यंत मुनीरने घालाव्यात. मिळकतीची वाटणी त्यानंतर करावी.

हा कागद वाचून, समजून, सही केली.

ठिकाण: अंथुर्णे. दिनांक: २१ ऑगस्ट २०२५.

(सही) दस्तगीर बाबालाल मुलाणी

साक्षीदार:

१. (सही) आबाजी कुंडलिक देवकाते, निवृत्त शिक्षक.

२. ठमाबाई मोहनराव वाघमोडे, डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितल्यावरून त्यांच्या नावापुढे लिहिले: जमीन पोचली. माफी बाकी.