टाकीच्या मधोमध

८ फेब्रुवारी
बेकरीवाल्याची मोटारसायकल दिली. हँडलवर दोन स्पीकर, सीटखाली अ‍ॅम्प. रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी यायची — अर्थिंगची वायर रंगावर बसली होती. चासीचा रंग खरवडला, शिट्टी गेली. मग नेहमीसारखा सीटवर बसलो, डोळे मिटले आणि कानानं दोन्ही स्पीकरच्या आवाजाचा बॅलन्स लावला. गाणारी बाई पेट्रोलच्या टाकीवर बरोबर मधोमध उभी राहिली पाहिजे. बेकरीवाला चक्कर मारून आला, "झकास" म्हणाला. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

११ फेब्रुवारी
लेकीनं नवी गाडी दुकानात आणून लावली. "बाबा, स्पीकर तूच बसव." म्हटलं, नाहीतर काय मापाड्याकडे जाणार होतीस?

मापाडी म्हणजे माझा जुना भागीदार. प्रत्येक स्पीकरपुढे आवाज मोजायचा मीटर धरून बसायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं. बारा वर्षं एका दुकानात काढली. दोन वर्षांपूर्वी म्हणाला, "तुझी उजवी बाजू चढी लागतेय. एकदा कान दाखवून घे." चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "बहिरा तू आहेस, म्हणून मीटर लागतो तुला!" त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि गेला. आता पलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान आहे.

१३ फेब्रुवारी
लेक गाडीवर बसून म्हणाली, "बाबा, बाई उजव्या आरशात जाऊन बसलीय."

वायरी तपासल्या. डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे लावला. तरी हिचं आपलं एकच — उजवीकडूनच जास्त येतंय. मला मधोमध ऐकू येत होतं! खेकसलो तिच्यावर. चावी टेबलावर ठेवून चालत घरी गेली. रात्री बायको एवढंच म्हणाली, "तिच्यावर कशाला ओरडायचं? तिचे कान तरुण आहेत."

१४ फेब्रुवारी
लेक बोलत नाही. हौसेनं गाडी घेतली पोरीनं, आणि मी तिला रडवलं.

१५ फेब्रुवारी
सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. लेकीची गाडी स्टँडवर लावली आणि उलटा बसलो — पाठ हँडलकडे, तोंड मागच्या दिव्याकडे. समोरचा शिंपी दात काढत म्हणाला, "रिव्हर्स टाकलात काय?" हसू दे. बॅलन्स नीट असता तर उलटं बसूनही बाई मधोमधच राहिली असती. ती थेट माझ्या डाव्या कानात शिरली.

म्हणजे उजवा स्पीकर खरंच मोठा होता. सुलटं बसलो की तो माझ्या उजव्या कानाला येतो, आणि त्या कानाला तो मोठा वाटतच नाही.

१७ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर. उजवा निम्म्यावर आलाय. "तीन-चार वर्षं तरी झाली असतील." म्हणजे भांडणाच्या आधीपासून! मापाडी खरं बोलत होता, आणि मी चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. फार लाज वाटतेय. जित्याची खोड म्हणतात ती ही.

संध्याकाळी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "मापाडीकाकांची कधी मागणार?"

१८ फेब्रुवारी
त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. शटर उघडं होतं. परत फिरलो. कुठल्या तोंडानं जाऊ? आधी घाण निस्तरतो, मग जातो. दोन वर्षांत एकसष्ट गाड्या दिल्या, सगळ्यांची उजवी बाजू चढी. एकेकाला बोलावून बॅलन्स पुन्हा लावायचा. मीटर विकत आणला. दुकानदारानं विचारलं, "तुम्ही? मीटर?"

१९ फेब्रुवारी
पहिला फोन बेकरीवाल्याला. जरा अडखळला, मग म्हणाला, "ते त्याच दिवशी झालं, मिस्त्री. तुमच्याकडून गाडी घेतली की आम्ही सगळे मापाड्याकडेच जातो. तो बॅलन्स थोडा डावीकडे सरकवून देतो, एक पैसा घेत नाही. म्हणतो, त्याला कळू देऊ नका, बाकीचं काम त्याच्यासारखं मला जमत नाही."

उद्या जायचं. त्याला माझ्या डाव्या बाजूला बसवीन. ज्या शिव्या देईल त्या सगळ्या नीट ऐकू आल्या पाहिजेत.