खांबावरचे गुरुवार

रोहिणखेड,
४ एप्रिल १९६२

ती. शालिग्रामदादास,
सोजराचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी नोकरी संपल्याचं कार्ड पोचलं. वहिनी गेल्यापासून तिकडे तुझं कोण आहे? मग दौंडात काऊन थांबलास? इथे खोली सारवली आहे, यांनी खाटेला नवी सुतळी भरली आहे. वांगी निघताहेत, पण भरीत नावाजणारा कोणी नाही.

हेडमास्तर गुलाबराव येऊन गेले. बिनतारी केंद्रात बसून विलायतेशी बोललेला माणूस पोरांना दाखवायचा, एक मेच्या झेंडावंदनाला दादांना बोलवाच, असं म्हणाले. मी हो म्हणून बसले आहे.

कळावे. लोभ आहे तो कार्डावर न धाडता स्वतः घेऊन यावे.
तुझी सोजरा


दौंड,
११ एप्रिल १९६२

चि. सौ. सोजरास अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. कायमचाही नाही आणि एक मेलाही नाही. कारण ऐक, आणि मग काय रागवायचं ते रागाव.

मी विलायतेशी एक शब्दही बोललो नाही. सत्तावीस साली केंद्र सुरू झालं तेव्हा निरोप टिपणारे बाबू आत बसत. मी बाहेर, खांबांवर. अडीचशे फुटांवर चढून रंग द्यायचा, खांब ताणून धरणाऱ्या तारदोरांना वंगण लावायचं. वाऱ्यात खांब हलतो, तेव्हा एका हाताने तो धरून दुसऱ्याने रंग द्यायचा. माझं पस्तीस वर्षांचं काम एवढंच.

बाबा चिंचेवरून पडून गेले, तेव्हा आईने मला शपथ घातली होती की झाडावरसुद्धा चढायचं नाही. म्हणून टेबलाशी बसतो असं लिहिलं. आईसाठी केलेलं खोटं साऱ्या गावाने खरं मानलं. आता झेंड्यापाशी उभं राहून खरं सांगितलं तर लोक तुला हसतील. ते मला सोसणार नाही.

कळावे. लोभ उरला असेल तर दोन ओळी लिही.
तुझा शालिग्राम


रोहिणखेड,
२० एप्रिल १९६२

ती. दादास सा. न.

मले पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं! भाऊबीजेला तू पातळ आणलंस, त्याच्या काठावर तांबड्या रंगाचा अंगठा उमटला होता. केंद्राचे उंच खांब तांबडे असतात हे तूच लिहिलं होतंस. आईने विचारलं, तर मी कुंकू सांडलं म्हटलं. तुझ्या तळहाताचे घट्टे ओवाळताना पाहिले होते. टेबलाशी बसणाऱ्याला असे घट्टे पडतात होय रे? एवढा शहाणा, पण बहिणीला भोळी समजलास.

गुलाबरावांना मी कालच खरं सांगितलं. ते म्हणाले, बोलणारे तर रेडिओवर रोजच ऐकतो. ज्याच्यामुळे खांब उभे राहिले तो माणूस पोरांना पाहू द्या. तेव्हा तीस तारखेला मलकापूरला उतर, हे घ्यायला येतील. एक तारखेला मी ते पातळ नेसणार आहे, अंगठा दिसेल असं.

आता माझं खोटं ऐक. पोटाला बरं नाही असं सांगून मी पस्तीस वर्षं गुरुवार केले. गजानन महाराजांना एकच मागणं होतं, माझा दादा खांबावरून नीट उतरू दे. कार्ड आलं तरी उपास सोडला नाही. वर होतास हेच तू सांगितलं नव्हतंस, तर उतरलास हे कसं मानू?

तीन मेला गुरुवार आहे. शेगावला जाऊन उद्यापन करू. पहिला घास तू भरव.

कळावे. लोभाचं काय विचारतोस!
तुझी सोजरा