कबनूरचे मूक माग

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, बागेतल्या कारंज्याजवळ, एकोणीस सभासदांसमक्ष, आमच्या ज्येष्ठ पदभ्रमण मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह सरनोबत यांनी माझं नाव 'बाक गटा'त घातलं. बाक गट म्हणजे एसटीनं गावापर्यंत जाणारे, आणि बाकीचे चालून येईपर्यंत थांब्यावरच्या बाकावर पिशव्या राखत बसणारे.

कारण विचारलं. म्हणे, गेल्या चार सहलींत तुम्ही तेच करताय. मी देखरेख करत होते. फरक कळायला शिक्षण लागतं.

शेवटी मीच अट घातली. एक सहल मी आखायची. बसनं जायचं, उतरल्यापासून पाच किलोमीटर पायी, वाहनाला हात लावायचा नाही. जमलं तर पुढच्या वर्षाच्या सगळ्या सहली माझ्या हाती. नाही जमलं तर बाक, कायमचा.

सगळे हसले. सर्वांत शेवटी निशिगंधा थांबली. वय एकोणसाठ, बूट गुलाबी.

आणि या मंडळाचा सगळा पत्रव्यवहार कोण करतं? मी. विमा कंपनीच्या तक्रार विभागात बत्तीस वर्षं काढलेली बाई यांना फुकट मिळाली आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

जागा ठरली. डोंगर, किल्ला, धबधबा कुणीही दाखवतं. भाची अनुजा परदेशात बसनं जुन्या गिरण्यांच्या गावी जाते आणि शेतातून चालते. फोटो पाठवते. मोडकी चिमणी, गवत, शांतता. आपल्याकडे हे कुणाला सुचतं का? मला सुचलं. कबनूर. यंत्रमागांच्या गल्ल्या, पुढे उसातली वाट, ओढा, परत. नाव: कबनूरचे मूक माग.

संकल्प: रोज तीन किलोमीटर चालायचं. उद्यापासून.

चिमणाबाईला भांडी घासताना सांगितलं. तिची बहीण बयाबाई कबनूरला मागावर सुताच्या कांड्या भरते. पाहणीला शुक्रवारी जाणार म्हटल्यावर ती काहीतरी सांगायला लागली. शुक्रवारी ती स्वतः उशिरा येते आणि माझी सकाळ मोकळी असते, एवढं मला माहीत आहे. तिला कढईकडे लक्ष द्यायला सांगितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १

पहिली पाहणी. एसटीत उभं राहावं लागलं, पंचवीस मिनिटं. हेही पायांचंच काम, तेव्हा आजच्या तीन किलोमीटरमध्ये धरलं.

कबनूर अपेक्षेपेक्षा उत्तम. कारखान्यांमागून कारखाने, सगळ्यांना कुलपं. एक आवाज नाही. कुलपावर एक सरडा. डोळे भरून आले. एक अख्खा उद्योग मेला आणि कोल्हापुरात कुणाला पत्ता नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी पाहणी. तीच स्मशानशांतता. एका निळ्या दारावर झेंडूचा हार घातला आणि 'रेस्ट इन पीस' लिहिलेलं कार्ड अडकवलं. अक्षर बघण्यासारखं आलं आहे. शाळेतल्या सिस्टर असत्या तर फळ्यावर लावलं असतं.

उसातली वाट रिक्षातून पाहिली. अंतर मोजायला मीटर लागतो. पायांनी मोजलेलं अंतर कोण मानतं?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरी पाहणी. शांत. हार कुणीतरी काढून नेला, हारसुद्धा सोडत नाहीत. तीन वेळा, एकाच दिवशी, एकाच वेळी निरीक्षण. याला शास्त्रीय पद्धत म्हणतात. सरनोबतांना विचारलं तर ते शास्त्र म्हणजे पंचांग समजतील.

चिमणाबाईनं घरी पुन्हा बहिणीचं काहीतरी काढलं. मी भाषण लिहीत होते. तिला म्हटलं, निरोप असेल तर लिहून आण. तिला लिहिता येत नाही, हे नंतर आठवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भाषण तयार, सात पानं. शेवटी दिवंगत मागांसाठी दोन मिनिटं शांतता.

चालण्याचा सराव: गॅलरीत चार फेऱ्या. मग फोन वाजला. गुडघा दुखत नाही, हवा दमट आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

घडलं ते क्रमानं लिहिते, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको.

चौदा सभासद आले. एसटी वेळेवर. कबनूरला उतरलो तोच पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मला वाटलं जनरेटर असेल. गल्लीत शिरलो. एकूण एक दार उघडं आणि एकूण एक माग चालू.

कुणीही गडबडून गेलं असतं. मी निळ्या दाराच्या पायरीवर चढले आणि सातही पानं वाचली. सभासदांच्या म्हणण्याप्रमाणे माझे ओठ हलताना दिसत होते. मग खूण करून सगळ्यांना माना खाली घालायला लावल्या. दोन मिनिटं शांतता पाळली. म्हणजे आम्ही पाळली. मागांनी पाळली नाही.

तेवढ्यात केसांत कापूस अडकलेला एक इसम बाहेर आला. नाव कृष्णात, इथला कामगार. त्यानं कानाशी येऊन विचारलं, "पावणं, कोण गेलं म्हणायचं?"

माझ्या हातातला नवा हार त्यानं पाहिला.

"मागचा हार तुमचाच व्हय? आमाला वाटलं कुणीतरी करणी केली. मालकाच्या आईनं चार दिवस कारखान्यात पाय ठेवला न्हाय."

निशिगंधा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

मग आतून बयाबाई आली. चिमणाबाईसारखीच, फक्त आवाज दुप्पट. "बाई, शुक्कारी आमची लाईट बंद असती, म्हणून समदं बंद. एरवी दिवसरात चालू हाय की. मी चिमणीकडनं दोनदा सांगावा धाडला हुता."

सांगावा. लेखी काही नाही. नोंद व्हावी.

पुढे शिस्त राहिली नाही. बयाबाईनं सगळ्यांना आत नेलं. आडवा धागा नेणारा धोटा कसा पळतो, कांडी कशी भरतात, धागा तुटला की माग कसा थांबतो, सगळं दाखवलं. आवाजात बोलायची तिला सवय आहे, तिचा शब्द न् शब्द कळला म्हणे. सरनोबतांनी स्वतः एक कांडी भरली आणि नातवाला फोटो पाठवला. मग तीच बाई, पायात साध्या चपला, त्यांना उसातून ओढ्यापर्यंत घेऊन गेली. पाच किलोमीटर. कुणीही वाहनाला हात लावला नाही.

मी चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर होते. पिशव्या चौदा. कुणीतरी राखायला हव्यात.

थांब्यापर्यंत मी कापडाच्या टेम्पोतून आले. टेम्पोला मी हात लावला नाही. कृष्णातनं धरून चढवलं. अटीचा भंग झालेला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मंडळाची बैठक. ही आजवरची सर्वोत्तम सहल, असं सरनोबत म्हणाले. माझी छाती भरून आली. पुढचं वाक्य असं, की यापुढं वाटाड्या म्हणून बयाबाईंना बोलवू, आखणी निशिगंधाताई करतील. मला पदोन्नती: बाक गट प्रमुख. टाळ्या वाजल्या. बयाबाईला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा कमी, मी मोजल्या नाहीत पण ऐकू आल्या.

घरी आले तोवर चिमणाबाई भांडी घासून गेली होती. कढई चकचकीत.

२ डिसेंबर, मंगळवार

मंडळाला रीतसर तक्रार दिली. जागा कुणी शोधली? मी. बस कुणी शोधली? मी. मग सहल माझी की नाही? अटीचा भंग कुठे झाला, ते कलमवार कळवावं. प्रत जपून ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११.२०

सरनोबतांचा फोन. पत्र पोचलं म्हणाले, भाषा झकास आहे म्हणाले. मग, "उत्तर देऊया की बाई. मसुदा तेवढा तुमीच करा. आपल्यात दुसरं कोण हाय लिवणारं?"

नाही म्हणणार होते. पण निशिगंधेला लिहायला दिलं असतं तर तिनं त्यात फुलांची चित्रं घातली असती.

बसले. कागद सरळ केला. पहिली ओळ आपोआप उतरली: आपल्या तक्रारीत तथ्य आढळत नाही. बत्तीस वर्षं तेच लिहिलं, हाताला दुसरं येत नाही. फाडला. दुसऱ्या कागदावरही तेच. तिसऱ्यावर 'सखेद' वाढवलं.

काम अवघड आहे, हे मान्य. तरीही तक्रारदार म्हणून मी दिलेली मुदत ती मुदत. लेखी उत्तर सोमवार, १५ डिसेंबर, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी खुलासा चालणार नाही. टपालाचा भरवसा नसेल तर चौदा तारखेच्या सहलीत आणून दिलं तरी चालेल. मी बाकावर असेन.