एनोकीखालचा पाला

प्रिय फुमिए,

मी कोमियामा तोकुजिरो, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, चाळीस वर्षे कोळशाच्या भट्टीचा धनी, पुढील मजकूर पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी, नववर्षाच्या सफाईच्या दिवशी, मी अंगणातील एनोकीच्या झाडाखालचा पाला झाडून जाळला. तू आधीच बुंध्याला गवती दोरी बांधून बजावले होतेस, "बाबा, अळ्या पाल्यात झोपल्यात. एप्रिलपर्यंत झाडू लावू नका." तू गावच्या शाळेत शिक्षिका होतीस. मी चारचौघांत म्हणालो, "बाईंनी आता अळ्यांचीही शाळा काढली वाटतं!" सगळे हसले. पुढच्या जुलैत अंगणात एकही जांभळे फुलपाखरू आले नाही. तूही कोफू शहराला गेलीस, ती परतली नाहीस.

ही फुलपाखरे ओकच्या रसावर बसतात, एवढेच मी भट्टीच्या वाटेवर पाहिले होते. त्यांची अळी एनोकीचीच पाने खाते, पानगळीच्या वेळी खोडावरून उतरते आणि हिवाळा मुळाशी काढते, हे मी कधी वाकून पाहिले नाही. ओक आणि एनोकी शेजारी असतील तेवढाच त्यांचा मुलूख. देवळाच्या वर एनोकी नाही, भातखाचरांच्या खाली ओक नाही. मधला उतार तेवढा त्यांचा, आणि त्यावर आपले अंगण.

गेल्या जुलैत ओढ्यापलीकडून एक मादी आली आणि एनोकीवर अंडी घालून गेली. म्हणून यंदा नववर्षाला अख्ख्या गावात माझेच अंगण पाल्याने भरलेले होते. शेजारच्या शिगेझोने कुंपणावरून विचारले, "काय हो तोकुजिरो, झाडू मोडला की कंबर?"

"दोन्ही शाबूत आहेत. खाली पाहुणे झोपलेत."

तुझ्या आईने हसताना चहा सांडला.

काल गुडघे टेकून एकेक पान उलटले व होते तसे ठेवले. पाठीवर शिंगांच्या चार जोड्या असलेल्या अकरा अळ्या आहेत. तीन जोड्यांच्या दुसऱ्या जातीच्या, त्या मोजल्या नाहीत. तू शाळेसाठी काढलेले अळ्यांचे चित्र मी भिंतीवरून उतरवलेले नाही; त्यावरूनच ओळखल्या.

एप्रिलमध्ये त्या झाडावर चढतील, जूनमध्ये कोष करतील, जुलैत उडतील. माझी नजर अधू झाली आहे, तेव्हा मोजणी तू स्वतः येऊन पडताळावीस. नऊ वर्षांपूर्वी चूक माझी होती. हे लिहिण्यासाठीच कागद घेतला होता.

तुझाच,
बाबा

समक्ष हजर साक्षीदार: तोमे, तुझी आई. शिगेझो, कुंपणापलीकडून. आणि पाल्याखाली अकराजण, झोपेत.