काचेवरचा ओढा

अहो,

ते मोटारवाले पाहुणे सकाळी परत आले होते. तुमच्या फोटोतल्या बिबळीकडं, पिल्लांकडं त्यांनी बघितलंही नाही. मागचा ओढा कुठला, समोर आमिषाचं बकरं बांधायला झाड आहे का, हेच विचारत राहिले. "वैनी, फोटोची निगेटिव्हची काच द्या, मुंबईत मोठा छापून आणतो."

"काच ह्यांनी बरोबर नेलीय," मी दडपून सांगितलं.

ते गेल्यावर रिटचिंगच्या सुईनं काचेवरचा ओढा आणि कडा खरवडून टाकला. बिबळी तेवढी ठेवली. हा फोटो आता प्रदर्शनाला जाणार नाही. रागवा.

पण काल त्यांच्याच मोटारीतून तुम्ही हसत उतरलात. जागा तोंडी सांगितली नाही ना?

मी बस्तीत, जिनमंदिरात, दर्शनाला गेले आहे. आधी तिथं येऊन खरं सांगा, मग काच बघा.

त्रिशला