साडेसदुसष्ट किलोची तालीम

१२ जानेवारी, सोमवार
आजवर स्वतःच्या हातानं केलेलं: राहतं घर (विटा सोडून). घरातलं सगळं सुतारकाम. बंगलेवाल्यांची अकरा लोखंडी गेटं. सूर्यचूल (अंडी उकडतात, भात होत नाही). तीन मोडक्या सायकलींतून सारिकाची शाळेची एक. सारिका स्वतः, चौथ्या वर्षापासून पुढे, एकट्यानं.
कुणाकडे शिकलो नाही.
सारिका आज पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा संपत आलाय. तारीख १८ मार्च. पोचवायला जावई संदेशराव आणि विहीणबाई आल्या होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, रीत म्हणून पाठवतोय. पण घरात बाईमाणूस नाही, कसं व्हायचं?" मी म्हणालो, "बाईमाणूस नसेल, माणूस आहे."
उत्तर चांगलं झालं.
संकल्प: हे बाळंतपण माझ्या घरून, माझ्या गाडीतून, माझ्या हातानं. बाहेरचं कुणी नाही.

२० जानेवारी
पाळणा पूर्ण. ईको गाडीची मधली सीट काढली, तिथे मागे कलणारी खुर्ची बसवली. डिझाइन माझंच. पाठीचा कोन ४३ अंश. बाजारात असं मिळत नाही. सारिका बसली आणि म्हणाली, "आबा, दात काढायला बसल्यासारखं वाटतंय." म्हणजे दवाखान्याच्या दर्जाची झालीय.
गाडी रस्त्यावर घेतली. कार्ला फाट्याला सारिका ओकली. कारण: सकाळचे पोहे.

१ फेब्रुवारी, रविवार
हॉस्पिटलपर्यंत वेळेत पोचायच्या तालमीला सारिका यायला तयार नाही. हरकत नाही. तिचं वजन साडेसदुसष्ट. इंद्रायणीचं पन्नास किलोचं पोतं, वर साडेसतरा किलो सुटा तांदूळ पिशवीत. खुर्चीत बसवून पट्टा लावला.
शेजारच्या धोंडाबाई कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. सत्तरी ओलांडली, निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. म्हणाल्या, "भाऊ, पोतं न्हाई बाळंत व्हायाचं. त्याला कुटं कळा येत्यात?" पोरीला मालिश करायला येते म्हणाल्या. नम्रपणे नको म्हटलं. आता शास्त्र पुढे गेलंय. मी बारा व्हिडिओ पाहिलेत.

९ फेब्रुवारी
मळवलीचं घर ते लोणावळ्याचं हॉस्पिटल. तालीम ७. सर्वात कमी २४ मिनिटं, सर्वात जास्त ४१. फरक सगळा रेल्वे फाटकाचा. फाटकवाल्याकडे लेखी वेळा मागितल्या. म्हणाला, "आबा, गाडी आली की पडतं, गेली की उघडतं." अशी माणसं नोकरीत आहेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार
तालीम ९. एक तास बारा मिनिटं. टूरिस्ट. चिक्कीच्या दुकानांपुढे तिहेरी पार्किंग.
सारिकाला सांगितलं, शक्यतो शनिवार-रविवार नको. 

२२ फेब्रुवारी
वजन ६८.९. पोत्यात तेवढी भर घातली.
सारिकानं विचारलं, "आबा, एवढं कशासाठी? बायका रोज बाळंत होतात."  उत्तर इथे लिहितो. २००१. बायकोची, इंदिराची, दुसरी खेप. जीप भाड्याची, ड्रायव्हर भाड्याचा. फाटक उघडायची वाट बघत इंजिन चालू ठेवलं त्यानं. पुढे कार्ल्याजवळ डिझेल संपलं. दोघंही गेली, ती आणि बाळ. सारिका चार वर्षांची.
मी त्याला निघताना डिझेल विचारलं नव्हतं.
त्यानंतर दुसऱ्याच्या गाडीत बसलो नाही.
उद्यापासून दोन तालमी रोज.

२८ फेब्रुवारी
बाळाच्या आंघोळीचा सराव. बाळ म्हणून दुधी भोपळा घेतला, दोन किलो नऊशे. तेल लावलं, पायांवर घेतला, व्हिडिओत दाखवतात तसा पालथा केला. निसटला. दोन तुकडे. कारण: तेल जास्त, दुधीला मान नाही.
सारिका दारात उभी होती.  संध्याकाळी तळेगावला, सासरी, पन्नास मिनिटं फोन.
भाजी चांगली झाली होती. जेवली नाही.

६ मार्च
हल्ली सारिका प्रश्न विचारत नाही. विश्वास बसलाय. दुपारी धोंडाबाईंकडे जाऊन बसते. बरं आहे, चालणं होतं.
हात थोडे थरथरतात. फाटक जवळ आलं की जास्त. चहा कमी करणे.

११ मार्च, बुधवार, सकाळी ११.३०
सकाळी सारिकानं स्वतः चहा करून दिला. म्हणाली, "आबा, आज लवकर तालीम करून या. नीट, सावकाश." बेचाळीस तालमींत पहिल्यांदा तिनं उत्साह दाखवला. बरं वाटलं.
फोन गाडीच्या कप्प्यात, आवाज बंद. तालमीत फोन घेत नाही, वेळ बिघडते. निघताना स्टेशनजवळ हवा तपासली, चारही चाकं. फाटकाशी एक रिक्षा माझ्या पुढे होती, पडदे लावलेले. फाटक पडता पडता घुसली. अशांमुळेच अपघात होतात. मी थांबलो. दोन गाड्या गेल्या. ३३ मिनिटं.
हॉस्पिटलचा वॉचमन हसून म्हणाला, "काका, पोतं आत घेऊ का आज? जागा आहे." मी वेळ लिहिली आणि परत फिरलो.
घराला कुलूप आहे. सारिका धोंडाबाईंकडे असेल. त्यांच्याही घराला कुलूप.
फोन बघतो.

११ मार्च, संध्याकाळ
चौदा मिस्ड कॉल.
ती रिक्षा धोंडाबाईंच्या नातवाची, गौरवची. पडद्याआड सारिका आणि धोंडाबाई. कळा पहाटेपासून. हॉस्पिटलच्या गेटवर मी वेळ लिहीत होतो तेव्हा ती आत होती, पहिल्या मजल्यावर.
मी पुन्हा निघालो. पुन्हा फाटक. पोचलो १२.१०. मुलगी ११.५२ ला झाली होती. दोन किलो आठशे साठ. दुधीपेक्षा चाळीस ग्रॅम कमी. दोघी सुखरूप.
सारिकाला विचारलं, का? म्हणाली, "आबा, फाटकापाशी तुमचा चेहरा मी बघितलाय. कळा येताना मला तुम्हालाच सांभाळत बसावं लागलं असतं."
धोंडाबाई म्हणाल्या, "आवं, रडताय कशापायी? नात झाली. हात धुवा नि घ्या मांडीवर." हात थांबेपर्यंत घेतली नाही.
तरी रस्ता मीच निवडलेला. रिक्षा त्याच रस्त्यानं गेली.

१४ मार्च, शनिवार
सकाळी १० वाजता डिस्चार्ज. गादी बदलली, पाळण्याच्या कड्यांना तेल दिलं, बंब पेटवून गेलो होतो.
हॉस्पिटलच्या व्हरांड्यात संदेशराव म्हणाले, "आबा, एक बोलायचं होतं. आईनं एक बाई ठरवलीय." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणालो, माझ्या घरी भाड्याचं माणूस येणार नाही. विहीणबाई म्हणाल्या, "मग बाळाला आंघोळ कोण घालणार? तुम्ही?" हो म्हणालो. सारिका म्हणाली, "आबा, दुधीचं काय झालं ते मी बघितलंय." मग हळूच, "आबा, हो म्हणा ना." सगळे बघत होते. मी हो म्हणालो नाही.
"मग राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडेच येऊ दे तिला."
संदेशरावांच्या गाडीत मागच्या सीटवर दोघी बसल्या. मी ईको घेऊन कामशेतपर्यंत मागे गेलो. तिथे सिग्नलनं अडवलं. पोतं अजून खुर्चीत होतं, पट्टा लावलेला.
घरी आलो तेव्हा बंबातलं पाणी उकळत होतं. दोन बादल्या काढल्या आणि तशाच ठेवल्या.
संदेशरावांचं वाक्य पुरं मला गौरवकडून कळलं; सारिकानं धोंडाबाईंना आधीच सांगितलं होतं. नोंद असावी म्हणून लिहितो. मी नाकारलं ते हे: बाळ-बाळंतिणीच्या मालिश-आंघोळीला बाई, रोज सकाळी, मळवलीला माझ्याच घरी, म्हणजे सारिकाला सव्वा महिना इथेच राहता यावं म्हणून. सुचवलं होतं सारिकानं. खर्च त्यांचा. चाळीस दिवस, रोजचे साडेचारशे. अठरा हजार रुपये.